म्हैस विकून घेतलेला फिल्टर

एसीची गोष्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला माहितीय. बंगला, गालिचा, साहेब, साहेबाची बायको आणि तिच्या मांडीवर कुत्रा. सगळ्यांनी बाहेर व्हा. आमच्या गोष्टीतला कुत्रा उंबऱ्याच्या बाहेर झोपतो. एसी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत आहे. आणि हिरॉईनच हवी असेल तर एक म्हैस आहे, पण ती मध्यावरच निघून जाते, नंतर येत नाही. तेव्हा तिच्यात जीव गुंतवू नका. आम्ही गुंतवला होता.

आमचं गाव भोसरीच्या अंगाला. शेतं कारखान्यांना गेली तेव्हा मी पाटीवर अ-आ गिरवत होतो. जमिनीच्या बदल्यात आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, एका फाउंड्रीत गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली. कायमची नाईट. गेटच्या शेजारी वाळूचा ढीग, त्यामुळं आबा सकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखे. यायचे, खोकायचे, आंघोळ करायचे, खोकायचे, भाकरी खायचे आणि झोपायला जायचे. म्हणजे आडवं व्हायला जायचे. झोप कुठली? घरासमोरनं ट्रक जायचे, प्रत्येक ट्रक आमच्या घराला मूठभर धूळ देऊन जायचा. उन्हाळ्यात पत्रा तापायचा. आबा दिवसभर या कुशीवरनं त्या कुशीवर. आणि रात्री गेटवर डुलकी.

दोनदा सुपरवायझरनं पकडलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "म्हातारबा, आता परत डोळा लागला तर घरी जाऊनच झोपायचं. कायमचं."

त्या दिवसापासनं आमच्या घरात आबांची झोप म्हणजे देवघरातलं काम झालं. आई भांडं आपटायची नाही. मी, ज्याचं तोंड मास्तरांच्या छडीनं कधी बंद झालं नव्हतं, तो मी दुपारी घरात कुजबुजत बोलायचो. कारण सगळ्या वावराचं मिळून आमच्याकडं ती एक नोकरी उरली होती, आणि ती आबांच्या डोळ्यावर टांगलेली होती.

आता माझं तोंड. मला आवाज काढता यायचे. मास्तर, तलाठी, दूध केंद्रावरचा तो नाकात बोलणारा, कंपनीचा भोंगा, पहिल्या गिअरमध्ये चढ चढणारा ट्रक, सगळं. शाळेत याचा मार खाल्ला, घरात याच्या शिव्या खाल्ल्या. पहिला माणूस जो हे ऐकून पोट धरून हसला, तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. पिंपरीतल्या एका कंपनीत पेंट शॉपला होते, चिंचवडला खोली घेऊन राहायचे. मी त्यांच्यासमोर त्यांचीच नक्कल केली. कॉलर ओढायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "सायन्स आहे, आबा. टेक्निकल बाजू तुम्ही माझ्यावर सोडा." दाजींनी खिशातनं पेन काढून मला बक्षीस दिलं. म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही आयटीआय करा. कंपनीत चिकटवायचं काम माझं."

मी आयटीआय केलं. दाजी म्हणाले असते तर मी विहिरीत पण उडी मारली असती, वर येऊन बुडबुड्याची नक्कल पण केली असती.

एसी पण दाजींनीच आणला. त्यांच्या कंपनीत ऑफिसला नवीन एसी आले, जुने लिलावात निघाले, त्यातला एक खिडकीतला ठोकळा दाजींनी आबांसाठी उचलला. तेव्हा आमच्या गावात पंखा असलेल्या घराला लोक मुलगी द्यायचे. टेंपोतनं एसी उतरला तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. एक म्हातारा म्हणाला, "तिजोरी हाय का रं?" दुसरा म्हणाला, "न्हाई, म्हशीचं यंत्र हाय, दूध गार करायचं." भिंत फोडून तो बसवला, वायरमननं वेगळी तार ओढून दिली. चालू केला तर गिरणीचा पट्टा तुटावा तसा आवाज. घर्रर्र, खट्, घर्रर्र. मी तो आवाज दुसऱ्याच दिवशी हुबेहूब काढायला लागलो. आई बिचारी एसी बंद करायला उठायची आणि बघायची तर एसी बंदच.

पण खोली गार व्हायची, खरं सांगतो. खिडकी-दार बंद म्हणून ट्रकचा आवाज पण कमी. आबा दुपारी झोपायला लागले. पूर्ण नाही, पण झोपायचे. खोकला मध्येमध्ये उठवायचा. एसीच्या तोंडाशी आत एक जाळी होती, तिला पातळ स्पंज लावलेला. ती काढायची, नळाखाली धरायची, पाणी चिखलासारखं काळं जायचं, वाळवायची आणि परत बसवायची. हे काम माझं. मला आवडायचं ते. आबांच्या छातीत जाणारी घाण मी मोरीत सोडतोय असं वाटायचं.

उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिना, जावयाचा महिना. आमच्याकडं त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव, फक्त जेवतो जास्त. आईनं धोंडे केले, अनारसे केले, ताटात दिवा लावून वाण द्यायला बसली. अंगठी घडवायला टाकायची तिच्या मनात होतं. दाजींनी हात जोडले.

"मामी, मला अंगठी नको. माझं बोट काय खोकतंय का?"

आई पदर तोंडाला लावून हसली.

"आबांच्या झोपेचं बघू. ही जाळी साध्या धुळीसाठी असते, ऑफिसातल्या. आपल्याकडची धूळ फाउंड्रीची. ती जाळीतनं सरळ आत जाते. कंपनीत मशिनसाठी एक स्पेशल फिल्टर येतो, परदेशी. धुळीचा कण सोडत नाही. अंगठीच्या पैशात थोडी भर घाला, मी आणतो."

आबा म्हणाले, "लई महाग असंल."

"सायन्स आहे, आबा," दाजी म्हणाले आणि एक डोळा बारीक केला. "टेक्निकल बाजू तुम्ही माझ्यावर सोडा."

मी मागनं त्यांच्याबरोबरच ते वाक्य म्हटलं. दोघांचा आवाज एक झाला. सगळे हसले. मला काय माहीत मी कशाची री ओढतोय.

ती 'थोडी भर' म्हणजे आमची म्हैस. शेत गेल्यापासनं चारा विकतच आणावा लागायचा, म्हणून तिला विकायचं बोलणं नेहमी चालायचं. पण बोलणं वेगळं. मोशीचा माणूस तिला न्यायला आला तेव्हा आई गोठ्यात गेली नाही, चुलीपाशी बसून नुसतीच फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती.

फिल्टर आला. जाडजूड पांढरट नमदा, दाबलेल्या लोकरीसारखा, पत्र्याच्या चौकटीत बसवलेला, वर झुळझुळीत, आरपार दिसणारा कागद. आत नमद्याच्या कडेला निळे बारीक ठिपके होते. मी विचारलं, "दाजी, हे ठिपके कसले?"

"औषध आहे. धुळीतले जंतू तिथंच मरतात."

"आन वास कसला येतोय?" आईनं विचारलं.

"त्याच औषधाचा. हुंगू नका फार."

मग आईनं जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करते. महागाची वस्तू घरात आली की तिला कव्हर शिवायचं. रेडिओला कव्हर, शिलाई मशिनला कव्हर, पाहुण्यांच्या कपबश्यांना फडकं. तिनं दुसुती आणली, त्याच्यावर दोन पोपट भरले, मध्ये 'सुस्वागतम' काढलं आणि एसीच्या तोंडावर ते झबलं चढवलं. वरचा झुळझुळीत कागद पण काढू दिला नाही. नवं हाय, मळंल.

मी म्हटलं, "आई, अगं त्याच्यातनं वारा यायचाय."

तिनं दाजींकडं बघितलं. दाजींनी कव्हर बघितलं, मला वाटलं आता हसतील. ते म्हणाले, "मामी, झकास. राहू द्या. हा फिल्टर उगाच उघडायचा नाही. हवा लागली की पॉवर जाते."

हवेचा फिल्टर आणि त्याला हवा लागू द्यायची नाही. कुणी दुसऱ्यानं असं म्हटलं असतं तर मी आठवडाभर त्याची नक्कल करत गावभर फिरलो असतो. पण दाजी म्हणाले, म्हणून मी मान हलवली. आत गार हवा अडकून बर्फ धरायला लागला, पाणी पोपटांवरनं भिंतीवर यायला लागलं. दाजी म्हणाले धूळ धुऊन निघतेय. आम्ही खाली पातेलं ठेवलं.

आणि गंमत बघा, आबा झोपायला लागले. गाढ. धोंडा संपायच्या आत पाऊस लागला होता, रस्त्यावरची धूळ बसली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. धूळ पावसानं बसवली, हार फिल्टरच्या गळ्यात. आबा येईल त्याला सांगायचे, "परदेशी हाय. छाती कशी मोकळी झाली बघ." येणारा माणूस पोपटांकडं बघून नमस्कार करायचा.

त्याच पावसाळ्यात दाजींनी जुनी स्कूटर घेतली. मला मागं बसवून पिंपरीपर्यंत फिरवून आणलं. मी मागनं स्कूटरचा आवाज काढतोय, ते हसतायत, वाऱ्यानं शर्ट फुगलाय. काय ऐट होती माझी. आता कळतं, मी आमच्या म्हशीवर बसून फिरत होतो. लहानपणी पण बसायचो, पण तेव्हा निदान मला माहीत असायचं.

खंडेनवमीला दाजींच्या कंपनीत मशिनींची पूजा असायची. त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी आणि ताई गेलो. झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनी, पेढे, ज्याचा त्याचा माणूस आपापलं मशिन दाखवतोय. दाजी साहेबलोकांच्या मागंपुढं करत होते, म्हणून मी एकटाच हिंडत पेंट शॉपच्या मागं गेलो. तिथं भंगारचा ढीग होता. आणि ढिगावर आमचा फिल्टर.

एक नाही, ढीगच्या ढीग. तोच पांढरट नमदा. काहींवर निळा रंग थापलेला, काहींवर पिवळा, काहींवर नुसते कडेला ठिपके. निळे, बारीक. औषध.

तिथं एक कामगार पेढा खात बसला होता. मी विचारलं, "भाऊ, हे काय हाय?"

"रंग मारायच्या खोलीतलं फडकं. रंगाचे शिंतोडे धरतं. भरलं की फेकायचं."

"घरी नेतात का कुणी?"

"नेतात की. पाय पुसायला एक नंबर."

मी तिथंच उभा राहिलो. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली. आमची जमीन आधीच सरकलेली होती, त्यामुळं मला फक्त वास आला. थिनरचा. आमच्या घरातल्या औषधाचा.

तरी मन मानत नव्हतं. म्हटलं, आपला वेगळा असेल, परदेशी असेल, दिसायला सारखा असेल. संध्याकाळी ताईच्या खोलीवर चहाला गेलो आणि चपला काढताना खाली बघितलं. दारात पायपुसणं. पांढरट, जाड, कडेला निळे ठिपके. मी कितीदा त्याच्यावर पाय पुसले असतील.

"ताई, हे कुठनं आणलंस?"

"ह्यांनीच आणलं. कंपनीत फुकट मिळतं." तिनं स्टोला पंप मारत सांगितलं. "तुला पायजेल? आईला ने एक."

तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी चहा घेतला. दाजी आले, म्हणाले, "काय मेव्हणे, आज गप्प? बॅटरी उतरली का?" मी हसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी हसण्याची नक्कल केली.

घरी येऊन आबा ड्युटीला गेल्यावर पोपट वर केले, कागद फाडला आणि आत बघितलं. नमद्याच्या मागच्या बाजूला बोटभर निळा रंग सुकून बसला होता.

आईला सांगावं असं रोज वाटायचं. सकाळी आबा यायचे, कव्हरला हात लावायचे आणि म्हणायचे, "चल बाबा, झोपव आता." आणि झोपायचे. ऑक्टोबरचं ऊन होतं, ट्रकांची धूळ परत चालू झाली होती, तरी झोपायचे. पोपटांच्या आत पेंट शॉपचं फडकं, आणि आबा घोरतायत. मी बाहेर ओट्यावर बसून नखं खायचो. मला राग त्या फडक्याचा नव्हता. ज्या माणसाला मी माझा आवाज दिला होता, त्यानं आमच्या तोंडावर एक डोळा बारीक केला आणि आम्ही त्याला वाण दिलं, दिवा लावून.

दिवाळीला ताईला आणायला मुराळी म्हणून मीच गेलो. भाऊ बहिणीला माहेरी आणतो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात, मानाचं काम. ताई दाराला कुलूप लावत होती तेवढ्यात मी पायपुसणं गुंडाळून पिशवीत घातलं.

भाऊबीजेला दाजी जेवायला आले. स्कूटर अंगणात. जेवण झालं, ताईनं मला ओवाळलं, ओवाळणीचं पातळ मी द्यायचं होतं ते पिशवीत तसंच राहिलं. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "ए, दाजींची नक्कल कर की रं. लई दिस झाले."

"करा मेव्हणे, करा," दाजी सुपारी कातरत म्हणाले.

मी उठलो. कॉलर ओढली. एक डोळा बारीक केला. पिशवीतनं पायपुसणं काढून दोन्ही हातांनी धरलं, लग्नात अंतरपाट धरतात तसं.

"आबा, हा फिल्टर. परदेशी. चिंचवडच्या खोलीच्या दारात तयार होतो."

काकू हसल्या. आबा हसले.

"हे निळे ठिपके, औषध. कंपनीत गाड्यांच्या दरवाजांना मारतात, दरवाजे खोकत नाहीत."

आता दाजी पण हसत होते, पण सुपारी कातरायची थांबली होती.

"किंमत विचारू नका. एक म्हैस. दूध देणारी. आणि हो, हवा लागू देऊ नका. दुपारी नाही चालला तर संध्याकाळी उचला आणि..." मी ते खाली टाकलं आणि दोन्ही पाय पुसले, चांगले, टाचा घासून. "सायन्स आहे, आबा. टेक्निकल बाजू तुम्ही माझ्यावर सोडा. दुधाची बाजू त्या स्कूटरला विचारा."

मग मी जाऊन पोपट वर केले.

कुणी हसलं नाही. ताई पायपुसण्याकडं बघत होती, मग एसीकडं, मग परत पायपुसण्याकडं. तिच्या हातात ओवाळायचं ताट तसंच होतं. दाजी उठले, नसलेली धूळ झटकावी तशी पँट झटकली.

"जमली," ते म्हणाले. "आवाज चांगला काढलास. पण तुला टेक्निकल नाही कळायचं." आणि आबांकडं वळून, "येतो आबा. चल गं."

एवढंच. ना खोटं म्हणाले, ना खरं. मला वाटलं होतं आता आबा त्यांना धरतील, आई जाब विचारेल, निदान काकू तरी काही बोलतील, त्या विहिरीवर सगळ्या गावाला बोलतात. काकूंनी पदर सावरला आणि दूध उतू चाललंय म्हणून निघून गेल्या. आई दाजींच्या मागं धावली. "अवो, पोरगं हाय त्ये, येडं हाय, बसा, पान तरी खावा." जावयाचे पाय अंगणात पडले की ते फिरवायचे नसतात, हे आमच्या आईला म्हशीपेक्षा मोठं.

ताई माझ्यासमोर थांबली. "भाऊबीजेला बहिणीला ओवाळणीत हे घातलंस?" एवढं म्हणाली, आणि स्कूटरवर त्यांच्या मागं बसून गेली. ओवाळणीचं पातळ पिशवीतच.

आई परत आली ती तोंड सोडूनच. "त्यो जावई हाय! जावई! तुला कळतंय का? उद्या तिला माघारी धाडली तर तू पोसणार हायस का, आवाज काढून? खरं होतं तर मला चुलीपाशी सांगायचं. चारचौघांत पाय पुसलेस, मेल्या, कुणावर पुसलेस बघ जरा!"

मी म्हटलं, "आई, त्यांनी आपल्याला फसवलंय."

"मग? फसवलं म्हनून काय बोंब मारायची असती का?"

म्हणजे फसवणाऱ्याला पान, आणि मला शिव्या. माझ्या बाजूचं त्या घरात कुणी नव्हतं. मी आबांकडं बघितलं. ते अजून खाटेवरच बसले होते, त्या निळ्या ठिपक्यांकडं बघत. त्यांना रात्री ड्युटी होती. ही त्यांच्या झोपेची वेळ होती.

"आबा, तुमी तरी बोला."

"झालं तुझं?" आबा म्हणाले. "लई दिस दम काढलास, दिसत व्हतं मला. आजून एक दिस काढला असतास तर काय पोट फुटलं असतं?"

"पर आबा, ते फडकं—"

"फडकं असंल न्हाईतर गोधडी असंल. मला झोप लागत व्हती. म्हैस दिली म्हनून लागत व्हती, का पावसानं लागत व्हती, का जावयानं मनापास्नं आनलं म्हनून लागत व्हती, तुला काय करायचंय? तुला इचारलं व्हतं का मी? लाव आता. लाव ती मशीन, लाव."

मी बटण दाबलं. घर्रर्र, खट्, घर्रर्र. आबा आडवे झाले, डोळे मिटले, आणि खोकला सुरू झाला. उठून बसले. पाणी प्यायले.

"ऐक," ते म्हणाले, दम लागला होता. "सगळ्यांची नक्कल करतोस. ह्या खोकल्याची कर की. कर. त्यो सुपरवायझर आज रातच्याला माझ्या डोळ्यात टॉर्च मारंल, त्याला दाखीव करून. का तितं मी एकट्यानंच जायचं?"

मी पोपट खाली ओढले.

"आन ते पायपुसणं उचल पैलं. तुझ्या बहिणीचं हाय. उद्या धुऊन नेऊन दे तिला, दारात टाक, जितं व्हतं तितं. आन तोंडातनं आवाज काढू नकोस."